एकशे आठ घरांचा कागद

हैदराबादजवळच्या चिल्कूरच्या बालाजीकडे व्हिसा मागायचा तर अकरा प्रदक्षिणा, आणि मिळाला की फेडायच्या एकशे आठ. मोजणी चुकू नये म्हणून एकशे आठ घरांचा छापील कागद असतो. फेरी झाली की एका घरावर खूण करायची. फणींद्र सकाळी साडेसहापासून खुणा करत होता, पण जीव सगळा अम्माच्या पिशवीत अडकला होता. पिशवीत त्याचा फोन होता.

साडेआठला नैरोबीत सहा वाजणार होते. तिथल्या एका शाळेच्या बारा बस निघणार होत्या, आणि कुठली बस कुठवर आली हे आईबापांना फोनवर दाखवणारं ॲप फणीनं खम्मममधल्या आपल्या खोलीत बसून एकट्यानं केलं होतं. आज त्याचा पहिला दिवस. हैदराबादच्या कंपनीत तीन वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या कामाचे तुकडे जोडले. नोकरी सोडल्यावर दीड वर्षानं एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचं होतं. घरी मात्र त्याला रिकामं बसणं म्हणत. खोलीत अंडी उबवतोस का रे, असं मावशीनं चारचौघांत विचारलं होतं. कंटाळून त्यानं टेक्सासला एमएससाठी अर्ज केला. शुक्रवारी व्हिसा आला आणि वडिलांनी आवकायचा, कैरीच्या तिखट लोणच्याचा, दहा किलोचा डबा भरायला घेतला. विमान पुढच्या रविवारी होतं. तिकडे शिकायला गेलेल्याला असलं बाहेरचं काम चालत नाही; म्हणजे बस दुसऱ्याच्या हाती द्यायच्या. नाही म्हणायचं तर आता म्हणायला हवं होतं.

चौथऱ्यावर बसलेल्या अम्माला तो दर फेरीला किती वाजले विचारी. शेवटी तिनं घड्याळावर पदर ओढून घेतला. पुढच्या फेरीला तिनं त्याला थांबवून कागदच हातातून घेतला.

"मघाशी एकसष्ट होते. एका फेरीत अडुसष्ट कसे झाले रे?"

फणी घाम पुसत राहिला. गर्दी 'गोविंदा, गोविंदा' करत बाजूनं सरकत होती.

"अम्मा, त्या अकरा फेऱ्यांत तू काय मागितलंस?"

"व्हिसा. दुसरं काय मागणार?"

"मी मागितलं, मिळू नये."

अम्मानं कागद उलटून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे देवानं माझं ऐकलं."

"हो."

"मग फेडायचं मलाच. तुझे पाय कशाला झिजवतोस?" ती गुडघ्यावर हात देऊन उठली. कागदाच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर फेऱ्या मांडीन म्हणाली, पुढच्या बाजूच्या खुणा खोट्या होत्या. आणि जात नाही हे वडिलांना फणीनंच सांगायचं, लोणच्याचं काय करायचं तेही. पिशवी त्याच्या हातात देत ती म्हणाली, "आधी ते बघ. पोरं रस्त्यावर उभी असतील."

फोनवर अकरा ठिपके सरकत होते. सात नंबरची बस जागची हलत नव्हती. फणी चौथऱ्यावर बसला, कपाळावरचा घाम पडद्यावर पडला, तो पुसून पुन्हा बोटं चालवू लागला. समोरून अम्मा लंगडत गेली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

ठिपका हलला तेव्हा ती दुसरी फेरी पुरी करून समोर आली होती. त्यानं फोन उंच धरून दाखवला. चालता चालता तिनं दोन बोटं वर केली.