निशिगंधेचा प्रवेश

मोताळ्याच्या रंगरावांना एक भारी खोड होती. मोबाइलवर फिरणारी कुठलीही गोष्ट हाती लागली, की तिला ते जुन्या संगीत नाटकाची नऊवारी नेसवून मोकळे व्हायचे. यंदा पाळी होती त्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या पोरीची. ती मोटारसायकलवाल्याला थांबवून "घरी सोडता का" म्हणते, दारात उतरते, आणि आत चौकशी करावी तर ती कधीच मेलेली. रंगरावांनी तिचं नाव ठेवलं निशिगंधा. नांदी लिहिली, पदं लिहिली. सूत्रधार अर्थातच स्वतः! नियमही जुनेच: सूत्रधारानं पुकारल्याशिवाय पात्र यायचं नाही, त्यानं निरोप दिल्याशिवाय जायचं नाही, आणि रंगमंचावर नटाचं घरचं नाव कुणी घ्यायचं नाही.

निशिगंधा होणार होती त्यांची लाडकी लेक रेणुका. धाकटा गोपाल तिला संग्रामपूरहून गाडीवर आणत होता. दुपारचा खेळ, नांदी आटोपली, तरी दोघांचा पत्ता नाही. लोक चुळबुळू लागले. रंगराव हट्टाला पेटले. नाव ऐकलं की येईल धावत, असं म्हणत त्यांनी हात उंचावला.

"ती पाहा, निशिगंधा इकडेच येत आहे!"

आणि ती आली. मंडप चिडीचूप झाला.

"आर्य, मला घरी पोहोचवाल काय?"

इतकं सुरेख रेणुकेनं तालमीतही म्हटलं नव्हतं. रंगरावांचा ऊर भरून आला. फक्त एक गोष्ट त्यांना खटकली. वरचा सूर लावताना रेणुका नेहमी डोळे मिटायची. आज ते उघडेच होते.

इतक्यात त्यांची बायको जनकाबाई विंगेतून फोन दाखवू लागली. चेहरा पांढराफटक. रंगराव कडेला सरकले.

"बाबा, गाडी घसरली," गोपाल रडत होता. "दवाखान्यात आहो. ताईचा श्वास चालू हाय, पण डोळे उघडून नाई राह्यली."

रंगरावांनी वळून पाहिलं. मंचावर लेक गातच होती. आपण पुकारलं म्हणून पोरीचा जीव इथं आला, देह तिथं राहिला! आता निरोपही आपणच द्यायला हवा.

ते मंचाच्या मधोमध आले. आयुष्यात न बदललेला नाटकातला शब्द आज त्यांनी बदलला, पण अंगात मुरलेली शिस्त काही सुटली नाही.

"निशिगंधे, दवाखान्यात एक देह तुझी वाट पाहतो आहे. जा, त्यात शीर!"

तिनं वाकून नमस्कार केला आणि लोकांमधून चालत निघून गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

फोन पुन्हा वाजला.

"बाबा, ताईनं डोळे उघडले!"

जनकाबाई हसतरडत खालीच बसली.

"दे तिले फोन," रंगरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. "रेणुके, बोल माय माही!"

पलीकडून शांत, घोटीव आवाज आला.

"आर्य, मला घरी पोहोचवाल काय?"

आपण नाव कुणाचं घेतलं, हे रंगरावांना तेव्हा कळलं.

मागून गोपाल आनंदानं म्हणत होता, "हाव ताई, आता घरीच जाऊ."