मग तो पोरगा कुठं गेला?

गोरक्ष दुकानात आला तेव्हा मला वाटलं, सातबाऱ्याची कॉपी काढायला आलाय. भिंगारच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि खेड्यातून आलेला माणूस पिशवीत हात घालतो तेव्हा बाहेर काय येणार हे मला आधीच कळतं. सातबारा, आधार, नाहीतर दाखला. या माणसाने पिशवीतून माझं पुस्तक काढलं.

‘माळावरचा सेनापती’. कोपरे दुमडलेले, पाठीला चिकटपट्टी. मुलांसाठी लिहिलेली कादंबरी. मीच टाइप केली, मीच छापून घेतली आणि तीन तालुक्यांतल्या शाळांना मीच नेऊन दिली. गोष्ट अशी की माळावर मेंढरं राखणाऱ्या आठ वर्षांच्या पोरात एक दिवस तीनशे वर्षांपूर्वी लढाईत मेलेला सेनापती जागा होतो. पोराला आपोआप तलवार चालवता येते, किल्ल्याच्या चोरवाटा आठवतात, आणि तो पाटलापासून फौजदारापर्यंत सगळ्यांना खडसावतो.

“हे तुमीच लिवलंय?” गोरक्षने विचारलं.

“मीच.”

“मंग तुमाला शेवगावला यावं लागंल. आमच्यात आसंच झालंय.”

मी त्याला स्टुलावर बसवलं. त्याने सांगितलं ते असं. त्याचा थोरला भाऊ कानिफनाथ. त्याची मुलगी मोनिका, वय दहा, पाचवीत. चार महिन्यांपूर्वी भाकरी खाता खाता पोरगी बापाला म्हणाली, “कानिफा, माझी सून कुठं हाय? घिऊन ये तिला.” आवाज पोरीचा, पण बोलणं त्यांच्या आईचं, साळूबाईचं. साळूबाई मरून अकरा वर्षं झालेली, म्हणजे मोनिकाच्या जन्माच्या आधी वर्षभर. आणि सून, म्हणजे मोनिकाची आई विजयमाला, तेव्हा पारनेरकडे माहेरी होती. कानिफनाथने त्याआधी दीड महिना मारून घालवून दिलेली. हा गडी आयुष्यात फक्त आईला भ्याला. दुसऱ्या दिवशी जाऊन बायकोला घेऊन आला.

तेव्हापासून पोरगी म्हणजे आई. तिचं ताट पहिलं, बाजेवर तीच बसणार. शाळा बंद, कारण आपल्या आईला पाचवीत कोण बसवतं? आसपासच्या वस्त्यांवरून माणसं नारळ घेऊन येतात. पुस्तकातल्यासारखी पारखसुद्धा करून झाली होती. माझ्या गोष्टीत गावकरी घोंगडीवर सात वस्तू मांडतात आणि पोरगा त्यातून सेनापतीची कट्यार उचलतो. यांनी ट्रंकेतल्या वस्तू मांडल्या. मोनिकाने साळूबाईची मिश्रीची डबी आणि चष्मा बरोबर उचलला.

“अहो, गोष्ट आहे ती,” मी म्हणाले. “मनाने रचलेली.”

“मागल्या पानावर तुमचा फोन नंबर हाय. खोट्याखाली कोन सोताचा नंबर घालतं?”

मी म्हणाले, मी ख्रिस्ती बाई. आमच्यात माणूस एकदाच जन्मतो नि एकदाच मरतो. हे पुस्तक लिहिलं म्हणून पाळकांनी मला चर्चच्या पायरीवर झाडलंय. गोरक्षला त्याचं काही नव्हतं. ज्याने यंत्र बनवलं त्यानेच ते तपासावं, एवढंच त्याचं म्हणणं. पण खरं दुखणं वेगळं होतं आणि ते त्याने उठता उठता सांगितलं.

“मी शेंडेफळ, मॅडम. आईचा जीव माझ्यावर. मी चौथीत जास्तोर मला पदराखाली घिऊन झोपायची. आन परत आली तर दादाच्या घरात?”

रविवारी उपासना झाल्यावर मी त्याच्या पिकअपमध्ये बसले. करंजीचा घाट उतरेपर्यंत एक पत्र डोक्यात घोळत होतं. पारनेर तालुक्यातल्या एका गुरुजींनी पुस्तक वाचून मला लिहिलं होतं की बाई, तुमच्या पुस्तकात मूल नाहीच, चड्डी घातलेला म्हातारा आहे. मी त्यांना दोन पानं शिव्या घातल्या होत्या. लिहिलं होतं, ज्या पोरांना घरात कुणी विचारत नाही, शाळेत कुणी विचारत नाही, त्यांनी एकदा तरी मोठ्यांना वाकवलेलं वाचावं. तुमच्या पोटात का दुखतं? गुरुजींचं परत पत्र आलं नाही. मी जिंकले असं धरून चालले होते.

शेवगावजवळच्या त्यांच्या वस्तीवर पोचलो तेव्हा ओसरीत कापूस पडला होता. बाजेवर पोरगी बसलेली. फ्रॉकवर हिरवं लुगडं गुंडाळलेलं, डोक्यावर पदर, पाय जमिनीपासून वीतभर वर. कानिफनाथ तिच्याशेजारी उभा, दांडगा माणूस, हात जोडलेले. त्याची बायको पाणी घेऊन आली ती भिंतीला घासून आणि गेली तीही भिंतीला घासून.

मी पाण्याचा तांब्या परत द्यायचं निमित्त करून तिच्यामागे चुलीपाशी गेले. विजयमाला पीठ मळत होती. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “ताई, तुमी पारखायला आल्या म्हनं. एक खरं सांगा. ती माझी पोरगी हाय का न्हाई?”

“तुला काय वाटतं?”

“सासूनं मला आठ वर्सं छळलं. मेली तवा मी देवाला नारळ फोडला. आता माझ्याच पोरीच्या तोंडानं ती मला भाकरी मागती. मी वाढती बी.” तिने पीठ दाबलं. “हिच्यामुळं मी ह्या घरात हाय. पन मला पोरगी नकू का?”

मी बाहेर येऊन कानिफनाथला सांगितलं की मला हिच्याशी एकटीने बोलायचंय. त्याने आधी पोरीकडे बघितलं. पोरीने म्हातारीसारखी मान हलवली, तेव्हा कुठे त्याने वाट दिली.

गोठ्यामागे गेल्याबरोबर तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि मान खाजवली.

“तुमी पुस्तकवाल्या बाई ना?”

“हो.”

“मला इचारायचं हुतं. मी तीन येळा वाचलं. शेवटी सेनापती किल्ला जिततो. मग तो पोरगा कुठं गेला?”

“कोणता पोरगा?”

“मेंढरंवाला. ज्याच्यात सेनापती आला त्यो. त्याचं नाव बी न्हाई पुस्तकात. पयल्या पानावर त्याची आई हाक मारती, आरं पोरा म्हनून. मंग पुना कोनीच हाक मारत न्हाई.” ती माझ्याकडे रोखून बघत होती. “त्याला माघारी कसं आनायचं ते तुमी लिवलंच न्हाई.”

दोनशे बारा पानं. मी ती लिहिली, तपासली, छापली, वाटली, आणि मला त्या पोराची एकदाही आठवण आली नव्हती. गुरुजींनी हेच सांगितलं होतं, पण ते मत होतं आणि मताला शिव्या घालता येतात. ही पोरगी मत देत नव्हती. ती आत गेली होती आणि बाहेर यायचं दार शोधत होती. दार मी ठेवलंच नव्हतं.

मग तिने भराभरा सगळं सांगितलं. मम्मीला आणा म्हणून ती रडली, दोन दिवस जेवली नाही, पप्पांनी ढुंकून बघितलं नाही. आजीचं मात्र ऐकतात, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. डबी आणि चष्मा कसा ओळखला? तर मम्मीच सांगायची, सासू ह्याच डबीनं मारायची आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती.

“मम्मीला सांगितलंस?”

“न्हाई. तिला खोटं बोलता येत न्हाई. पप्पा डोळ्यात बगत्यात.” तिने लुगड्याचा बोंगा वर ओढला. “मला आता बास झालंय. पन मी उतरले का पप्पा मम्मीला परत काडून देतील. तुमी दुसरा भाग लिवलाय का?”

“आत्ता लिहिते,” मी म्हणाले.

तिथेच, शेणाच्या वासात, आम्ही दोघींनी दुसरा भाग ठरवला. आत्मा एका कामासाठी येतो. काम झालं की शेवटचा हुकूम देतो आणि जातो. जाताना ज्याचं अंग त्याला परत देतो. हुकूम मोडला तर घराला शाप लागतो. मोनिकाने हुकूम दोनदा घोकला.

ओसरीवर येऊन मी दोघा भावांना हे सांगितलं. चेहरा सरळ ठेवून सांगितलं. मी आयुष्यात पुष्कळांना तोंडावर खरं ऐकवलंय, पण एवढं ठणठणीत खोटं कधी बोलले नव्हते. गोरक्ष खांबाला टेकून ऐकत होता. विजयमाला आतल्या दारात.

मोनिका बाजेवर बसली. “कानिफा,” ती म्हणाली, “माझं काम झालं. सुनंला परत घालवायचं न्हाई. हात लावायचा न्हाई. पोरीला उद्यापासनं शाळंत घाल. मी चालले.”

बरोब्बर जमलं होतं. तेवढ्यात गोरक्ष पुढे आला.

“आई, मला?”

हे आम्ही ठरवलं नव्हतं. पोरीने माझ्याकडे बघितलं, मग चुलत्याकडे.

“गोरक्षा, तू जेवत जा येळंवर.”

गोरक्षने टोपी काढून तोंडावर धरली.

आणि मग कानिफनाथ खाली बसला. बाजेपाशी गुडघे टेकले, डोकं पोरीच्या मांडीवर ठेवलं आणि ढसाढसा रडायला लागला. “आई, जाऊ नको. मी नीट वागंन. जाऊ नको.” एवढा मोठा पुरुष. पोरगी आधी दचकली. तिच्या मांडीवर बापाचं डोकं दहा वर्षांत कधी आलं नसणार, ना बापाच्या मांडीवर तिचं. तिचा चेहरा बदलताना मला दिसला. हात वर गेला, थांबला, आणि मग हळूच त्याच्या केसांवर आला.

“बरं,” ती म्हणाली. “न्हाई जात.”

माझ्या दुसऱ्या भागाची माती झाली. मी काय लिहिलं होतं गुरुजींना? पोरांनी मोठ्यांना वाकवलेलं वाचावं. घ्या, वाकलाय. आणि ज्याच्यापुढे वाकलाय ते पोर तिथे नाहीच, तिथे त्याची मेलेली आई आहे, आणि हे पोरालाही कळलंय. त्या हाताखालचं डोकं सोडायचं नाही म्हणून ती आयुष्यभर लुगडं नेसून बसायला तयार आहे.

“मोने.”

विजयमाला दारात होती. आवाज साधा, रोजचा.

“मोने, ते लुगडं काड. पायात आडकून पडशील.”

“व्हय मम्मी,” पोरगी म्हणाली.

कोणतंही पोर जसं म्हणतं तसं म्हणाली, विचार न करता. मग दोन्ही हात तोंडावर दाबले. पण शब्द निघून गेला होता.

कानिफनाथने डोकं उचललं. पोरीकडे बघितलं, बराच वेळ. मग बायकोकडे. ती जागची हलली नाही. हाताला पीठ तसंच होतं. आपण काय केलं हे तिला पक्कं कळत होतं. तिला पोरगी हवी होती आणि तिने ती हाक मारून घेतली होती, डोक्यावरचं छप्पर पणाला लावून. कानिफनाथ उठला आणि चप्पल न घालता रानात निघून गेला. गोरक्षने मला चला म्हणून खूण केली आणि मी, खरं सांगते, गेले.

तिसगाव आलं. मग म्हणाला, “म्हंजी आई दादाकडं आलीच न्हवती.”

“नाही.”

“कुनाकडंच न्हाई.”

“कुणाकडंच नाही.”

त्याने गिअर बदलला. “मंग बरं हाय,” तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच हलकं वाटत होतं. पुढे चांगला चहा मिळतो, थांबू, म्हणाला.

मला सीटवर बसवेना. काच खाली केली, वर केली. ते पिठाचे हात डोळ्यांसमोरून जाईनात. एक पोर मी दोनशे बारा पानं माळावर सोडून दिलं होतं, त्याच्या आईला एकच हाक मारायला दिली होती. आणि आता एका आईने खरी हाक मारली तर तिला नि पोरीला तिथे टाकून मी चहा प्यायला चालले होते.

“गाडी वळवा,” मी म्हणाले.

“काय इसरलं का?”

“वळवा.”

“मॅडम, दादा आता लई तापला आसंल. आज नकू.”

“म्हणूनच. हुकूम काय होता? सुनेला परत घालवायचं नाही, हात लावायचा नाही.”

“पन ती आई न्हवती की. तुमीच म्हनला.”

“नव्हतीच. तुमची पुतणी होती. दहा वर्षांची पोरगी शहाण्यासारखं बोलली तर ते ऐकायला ती आधी मेलेली असावी लागते का, गोरक्षभाऊ?”

मागून उसाच्या ट्रकने हॉर्न दिला. त्याने पिकअप कडेला घेतला, ट्रक जाऊ दिला, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला.

“तितं जाऊन काय बोलायचं?”

“बोलायचं माझ्यावर सोडा. तुम्ही नुसतं दारात उभं राहायचं. दादा आत येईल तेव्हा आणि वहिनीला बाहेर काढायला लागेल तेव्हा. हलायचं नाही.”

“किती येळ?”

“ते मला माहीत नाही.”

त्याने टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली, आरशात बघितलं आणि गाडी वळवली.