गॅलरीतली खोली

चतुराबाई जालन्याला आली होती ती बियाणं घालायला, कुणाच्या कुरडया घालायला नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा तमाशा एवढ्याच गोष्टीवरून झाला.

अंबड तालुक्यात तिच्या रानात कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट होता. दुपारी कळ्यांतलं केसर काढायचं, वर लाल कागदाची टोपी चढवायची, सकाळी टोपी काढून दुसऱ्या वाणाचं फूल त्यावर फिरवायचं, असं काम हंगामभर चालायचं. नवरा गेल्यापासून ते सगळं तिनेच चालवलं होतं. फाल्गुनात कंपनीच्या गोदामावर पोती उतरवली, तर बाबू म्हणाला, "तुमचा नंबर आता उद्या सकाळी." म्हणजे मुक्काम आला.

आणि जालन्यात मुक्काम म्हणजे मस्तगड भागात धाकट्या दिराचं, काकासाहेबाचं घर. हे कुणी ठरवावं लागत नाही, आपल्याकडे ते ठरलेलंच असतं. गावात सख्ख्या दिराचं घर असताना दुसरीकडे पाठ टेकायची म्हणजे त्या घराचं नाक कापायचं. नाक काकासाहेबाचं, पण ते राखता राखता कंबर मोडायची चतुराबाईची. ती येणार म्हटलं की जाऊ पुष्पाबाई कामं साठवून ठेवायची, "अक्का आल्यावर करू." गोधड्या धुवायच्या अक्कांनी, वर्षाचा गहू निवडायचा अक्कांनी, आणि फाल्गुन असला की कुरडया-पापड तर वाट बघतच बसलेले. वर निघताना काकासाहेब म्हणणार, "वहिनी, एक दिस राह्यल्या असत्या तर शेवयाबी झाल्या असत्या." असला पाहुणचार वैऱ्यालाही मिळू नये.

यंदा मात्र तिने मनाशी पक्कं केलं होतं. मस्तगडला जाताना बाजाराच्या मुख्य रस्त्यावर 'सुखनिवास लॉज' लागायचं. एकदा डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन जाताना तिने वर पाहिलं होतं. गॅलरीत एक माणूस बनियनवर उभा राहून चहा पीत होता. तो काही करत नव्हता. नुसता रस्ता बघत होता. चतुराबाईला त्याचा इतका हेवा वाटला, की सोन्याच्या पाटल्या घातलेल्या बाईचाही तिला कधी वाटला नव्हता. एक रात्र तसं राहायचं, बस. कुणाची वहिनी नाही, कुणाची अक्का नाही.

तरी उगीच भुलायचं नाही म्हणून तिने आधी स्टँडजवळची दोन लॉजं पाहिली. एकीकडे गादी उचलून बघितली तर ढेकणांचं संमेलन भरलेलं. दुसरीकडे दाराला कडीच नव्हती. बियाणं पारखणारी बाई ती, दोन्ही नापास करून सुखनिवासात आली.

गल्ल्यावर मच्छिंद्र नावाचा मॅनेजर बसला होता. बाकावर चार व्यापारी पान चघळत होते.

"रस्त्यावरची गॅलरीची खोली दे," चतुराबाई म्हणाली.

"संग कोण हाय?"

"माझी पिशवी."

बाकावरचे हसले. मच्छिंद्र नाही हसला. "एकट्या बाईला खोली देत न्हाई आमी."

"मंग एकट्या पुरुषाला कशी देता?"

"पुरुषाचं काय, त्यो पुरुष हाये."

"हां, ते दिसून राह्यलंय," ती बाकाकडे बघत म्हणाली. "पैसे रोख देते. अडचण काय हाय ते सांग."

मच्छिंद्र घुटमळला. "बाई, लॉज इज्जतीचं हाय. कोण बाई, कुठली, आम्हाला काय ठावं? गावातल्या एखाद्या वजनदार माणसानं सांगावं, की बाई घरंदाज हाय. मंग बिलकुल देतो. गावात कोणी हाय का तुमचं?"

"मस्तगडचे काकासाहेब. माझे धाकटे दीर."

हे बोलली आणि तिने जीभ चावली. मच्छिंद्र ताडकन उठला. काकासाहेबांची भावजय लॉजवर? लॉजच्या पोऱ्याला त्याने लगेच मस्तगडला पिटाळलं. दिराने आता दावं सोडून गाय न्यावी तसं इथून नेलं, तर पुन्हा या जन्मात ही पायरी चढायची हिंमत होणार नाही, हे चतुराबाईला कळत होतं. पण ती तिथून हलली नाही. पिशवी मांडीवर घेऊन बाकावर रुतून बसली.

काकासाहेब आला तो टोपी सावरत, धापा टाकत.

"वहिनी! अकलीला काय आग लागली का? घर सोडून लॉजात?"

"भावजी, एक रात्र निजायचंय मला. दुसरं काही न्हाई."

"आन् घरी काय निजू देत न्हाई व्हय कोणी? तिकडं गव्हाचा चीक गाळून ठिवलाय पुष्पीनं, तुमची वाट बघून राह्यलीय!"

"तेच म्हणते मी."

बाकावरचा एक जण खोकला. काकासाहेबाचा पारा चढला. बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात तो मच्छिंद्रावर ओरडला, "कोण बाई हाय ही, म्हाईत हाय का तुला? माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची बायको! आमच्या घराण्याची थोरली सून! हिच्याइतकी घरंदाज बाई अख्ख्या तालुक्यात सापडायची न्हाई!"

चतुराबाई हळूच उठली. पदर सारखा केला.

"ऐकलं ना, मॅनेजर? वजनदार माणूस सांगून राह्यलाय. चार साक्षीदार हायेत. आण किल्ली."

मच्छिंद्राने काकासाहेबाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. बाक आता उघड उघड हसत होता. दिलेला शब्द चार व्यापाऱ्यांसमोर फिरवायचा म्हणजे धंद्याची अब्रू गेली. त्याने किल्ली काढून दिली. काकासाहेब पाय आपटत निघून गेला.

खोलीत लोखंडी पलंग होता, पंखा होता, आणि गॅलरी होती. चतुराबाईने चहा मागवला. तो वर आला, तिच्या हातात आला, तिने नाही केला! गॅलरीत उभं राहून ती प्याली. खाली सायकली चालल्या होत्या, टांगे चालले होते, आणि त्यातलं एकही काम तिचं नव्हतं. कप रिकामा झाला तशी ती सवयीने तो विसळायला मोरीकडे निघाली. अर्ध्या वाटेत थांबली, स्वतःलाच एक शिवी दिली आणि उष्टा कप तसाच खिडकीत ठेवला.

दिवेलागणीला दार वाजलं. पुष्पाबाई. मनगटापर्यंत चीक वाळलेला.

"अक्का, चला. त्यायनी न्यायला धाडलंय. खाली उभे हायेत."

"मी येत न्हाई, पुष्पा. तू बस जरा."

पुष्पाबाई पलंगाच्या काठावर टेकली. पंख्याचा वारा तोंडावर आला. तिने डोळे मिटले. वाळलेला चीक ती नखाने खरवडत राहिली. चतुराबाईच्या मनात आलं, मी वर्षातून दोनदा यायची. ही तर तिथं रोजचीच. आजवर आपण हिच्यावरच जळत आलो, याची तिला लाज वाटली. तिने आणखी एक चहा मागवला.

खालून हाक आली, "पुष्पेऽऽ! येतीय का वहिनी?"

पुष्पाबाई कप घेऊन गॅलरीत गेली. घोट घेतला, खाली वाकली.

"अक्का येत न्हाईत!" ती ओरडली. "आन् मीबी न्हाई! चीक झाकून ठिवा, मांजर तोंड घालतंय!"

मग आत येऊन तिने उष्टा कप खिडकीत ठेवला, चतुराबाईच्या कपाशेजारी.