एकशे पंचाहत्तर ग्रेन

हणमंत घोरपडे सैन्यात आर्मरर होते. पलटणीच्या रायफली दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. निवृत्तीनंतर कराडला परतायचं सोडून त्यांनी लखनौत, जानकीपुरमला घर केलं ते क्षितिजासाठी. ही त्यांची एकुलती एक मुलगी नऊशे मीटरच्या रायफल नेमबाजीत राज्याच्या संघापर्यंत पोचली होती. तिच्यासाठी गोळ्या निवडायचं काम हणमंतरावांचं, म्हणजे तिच्या आप्पांचं. सोनाराच्या काट्यावर ते एकेक काडतूस तोलायचे, केसभर फरक दिसला की बाजूला काढायचे.

"शंभर मीटरवर कुठलीही गोळी चालते," ते म्हणायचे. "नऊशेवर तिचा स्वभाव कळतो."

राष्ट्रीय निवड फेब्रुवारीत होती. नोव्हेंबरात क्षितिजाच्या गोळ्या पसरायला लागल्या. दहा गोळ्यांची भोकं एरवी जेवणाच्या ताटात मावायची, ती आता परातीत मावेनात.

"एकशे पंचावन्न ग्रेनची गोळी हलकी पडते. वारा ढकलतो तिला," आप्पांनी निदान केलं आणि जास्त वजनाची, एकशे अडुसष्टची मागवली. तीही पसरली. "हिचा वेग शेवटच्या शंभर मीटरांत मरतो, मग डगमगते." मग एकशे पंचाहत्तर आली. लांब, निमुळती, वाऱ्याला दाद न देणारी. तिचे दोन लॉट आप्पांनी नापास केले.

क्षितिजा रोज एकच सांगायची, "आप्पा, मिराज बहुत है. टार्गेट हिलतंय." तापलेल्या जमिनीवरची हवा दुर्बिणीत थरथरते, त्याला नेमबाज मिराज म्हणतात. आप्पांना ते पटायचं. तिचा चष्मा लहानपणापासून जाड, पण नंबर दरवर्षी तपासलेला. डोळ्यांबद्दल कुणी विचारच केला नाही.

जानेवारीअखेरच्या एका सकाळी धुकं विरल्यावर ती चटईवर पालथी झोपून दहा गोळ्या मारून उठली. दोन तर कागदालाच लागल्या नव्हत्या. आप्पांनी खोका धाडकन बंद केला.

"हा लॉटसुद्धा भिकार! परत करतो आजच."

शेजारच्या चटईवर ऋचा होती, क्षितिजाच्याच संघातली. ती म्हणाली, "अंकल, एक बार मैं चलाकर देखूँ? इसी राइफल से?"

तिनं त्याच खोक्यातल्या दहा गोळ्या मारल्या. आप्पांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. दहाही भोकं मधोमध, हाताच्या पंजाएवढ्या जागेत होती.

"मिराज कम हुआ होगा," क्षितिजा म्हणाली.

ऋचा गोंधळली. "मिराज? आज तो सुबह से है ही नहीं, यार."

आप्पा उठले. क्षितिजाला त्यांनी रेंजच्या लोखंडी फाटकासमोर उभं केलं.

"डावा डोळा झाक. गज सरळ दिसतात का?"

ती पाहत राहिली. "नहीं... बीच में मुड़े हुए हैं." मग हळूच म्हणाली, "आणि मधे एक डाग आहे, आप्पा."

डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे नवीन रक्तवाहिन्या फुटून रक्त झिरपलंय. जाड चष्मा असणाऱ्यांत असं होतं कधीकधी. इंजेक्शनांनी ते थांबेल, पण मधली नजर परत येणार नाही. "सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या तेव्हाच आला असतात, तर पुष्कळ वाचलं असतं."

"कधीपासून दिसत होतं?" क्षितिजाच्या आईनं, विनीतानं विचारलं.

निवडीच्या दिवशी क्षितिजा जायचं म्हणाली. आप्पांनी अडवून पाहिलं, तिनं ऐकलं नाही. रेंजवर ऋचानं आप्पांना विचारलं, कोणती गोळी वापरू. क्षितिजानंच खोका पुढे केला. "यही वाली. एक सौ पचहत्तर. आप्पांनी एकेक तोललीय." मग डावा डोळा दुर्बिणीला लावून ती ऋचाच्या मागे बसली आणि प्रत्येक गोळीआधी वारा सांगत राहिली. ऋचाची निवड झाली. तिनं क्षितिजाला मिठी मारली. क्षितिजानं तिची पाठ थोपटली, हसलीही.

परतताना आप्पांनी गाडी मलिहाबादच्या रस्त्याला घातली. तो घराकडे जाणारा रस्ता नव्हता. दोन्हीकडे आंब्याच्या बागा मोहरल्या होत्या. एका बागेच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"तीन महिने, पोरी," ते म्हणाले. "तीन महिने मी गोळ्याच बघत बसलो. तू रोज सांगत होतीस."

क्षितिजानं त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. तिला सांगायचं होतं की मलाही कळलं नाही, की मीच मिराज मिराज करत राहिले. पण ते खरं असूनही तिच्या जिभेवर येईना. मनात कुठेतरी तिला त्यांचा रागच आला होता, आणि तो आज जाणार नव्हता. तिनं फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बागेचा राखणदार कुंपणापाशी आला. "बाबूजी, तबीयत तो ठीक है?"

"हाँ भैया," क्षितिजा म्हणाली. "थोड़ी देर बैठेंगे."