माळवदावरचे वाफे

छताचा कोबा गळतोय हे केशरबाईला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तिनं थेंबाखाली परात ठेवली, आणि परातीत थेंब वाजू नये म्हणून जुन्या लुगड्याची घडी अंथरली. आठ दिवस असं झाकून चाललं. मग भादव्यातल्या एका दुपारी तिचा नवरा दत्तराव जेवायला बसला आणि थेंब नेमका त्याच्या भाकरीवर पडला.

त्यानं वर पाहिलं. भाकरीकडं पाहिलं. ताट सरकवलं.

"चंद्रभानला बलवा," तो म्हणाला. "आन् तात्यारावलाबी."

चंद्रभान पेडगावातला गवंडी, बौद्ध वस्तीतला. हात असा, की त्यानं नुसत्या नजरेनं रचलेली भिंत ओळंब्याला उतरायची. आणि तात्याराव म्हणजे गावातला वडीलधारा. भांडणं त्याच्यासमोर मिटायची. दोघांना एकदम बोलावणं धाडलं म्हणजे काय होणार, ते केशरबाईला कळलं. ती ताट उचलून आत गेली.

कोबा झाला होता दुष्काळात, त्याच साली चैत्रात. त्याआधी घरावर मातीचं माळवद होतं, शेजारपाजारच्या घरांसारखंच. लाकडी सरांवर फळ्या, फळ्यांवर पांढरी माती, आणि दरसाल रोहिण्या निघायच्या आत बायकांनी पाट्या वाहून वर टाकलेली नवी माती. दत्तरावला परवान्यावर सिमेंटची पोती मिळाली तेव्हा त्यानं ठरवलं, माती बास झाली. आता कोबा.

"मालक, पाऊसकाळ होऊन जाऊ द्या," चंद्रभान तेव्हाच म्हणाला होता. "कोबा म्हंजे तान्हं लेकरू. झाला की पंधरा दिस त्याला पाणीच लागतं. औंदा पाणी कुठं हाय?"

"आमचा आड आटत न्हाई. आज्याच्या काळापासून आटला न्हाई."

"आटत न्हाई खरं, पर..."

"पर काय? पोत्यातल्या पोत्यात सिमिटाचा दगड होईल, मग तो दगड काय तुझ्या उरावर ठिवू? कर म्हणलं की करावं."

त्यानं केलं. विटांचा चुरा, चुना, सिमेंट. वस्तीतल्या बायांनी लाकडी धोपाटण्यांनी दोन दिवस धोपटून तो दाबून बसवला. मग चंद्रभाननं वर मातीचे बांध घातले आणि चौकोनी वाफे पाडले, भुईमुगाला पाडतात तसे. त्या वाफ्यांत पाणी उभं ठेवायचं. ते पीत पीत कोबा पक्का व्हायचा. गल्लीतला एक म्हातारा मान वर करून म्हणाला, "दत्तराव, खाली रान जळायलंय अन् तुमी वरी मिरच्या लावायलाव का?" त्या उन्हातही सगळे हसले.

पाणी शेंदायचं मात्र घरच्यांनीच. घराचा एकेक दगड चंद्रभानच्या हातून गेला होता, पण परसातल्या आडाच्या काठाला त्याचा हात लागत नव्हता. तो कालवायच्या मालाजवळ थांबायचा, घरचा गडी पोहरा आणून वरून ओतायचा. तशी रीत होती. इतकी अंगवळणी पडलेली, की कुणाला ती बोलून दाखवायची गरज पडत नव्हती.

"बाई," काम झाल्यावर तो केशरबाईला म्हणाला, "मी पाथरीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायलोय. मालक छावणीवर बैलांपाशी ऱ्हाणार. वाफे कोरडे पडू देऊ नका. सकाळ-सांज, पंधरा दिस. पिंगळीला शाळेच्या दोन खोल्या निघाल्यात. तिथला सरपंच म्हणलाय, आधी तुझा कोबा बघतो, मग काम देतो. एवढी बारी माझं नाव तुमच्या हातात हाय."

तिनं मान हलवली.

पहिले चार दिवस तिनं नेम मोडला नाही. सकाळी बारा घागरी, सांजेला बारा, डोक्यावर घेऊन शिडीनं वर. पाचव्या दिवशी परसाच्या कुडापलीकडं बाया दिसल्या. वस्तीतल्या सात-आठ जणी, काखेत रिकाम्या घागरी. पुढं चंद्रभानची बायको रुख्मिणी, कडेवर लेकरू. सरकारी टँकर तीन दिवस आला नव्हता.

"काकू, घागर-घागर वाढा."

दत्तराव जाताना बजावून गेला होता, आडाचं पाणी घराला आन् कोब्याला. तिसऱ्याला एक पोहरासुद्धा न्हाई. आड आटत नाही असं तो जगाला सांगायचा, पण तळ दिसायला लागलाय हे त्याला ठाऊक होतं.

केशरबाई शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होती. वर वाफे, खाली बाया. रुख्मिणीच्या लेकराचे ओठ पापुद्रे सुटून पांढरे पडलेले. ते रडत नव्हतं. नुसतं घागरीकडं बघत होतं.

ती उतरली.

कुडावरून तिनं एकेकीच्या घागरीत पाणी ओतलं. उंचावरून, भांड्याला भांडं लागू न देता. तेवढी रीत तिच्या हातानं त्या दिवशीही पाळलीच. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. मग रोज. कोब्याच्या सकाळच्या बारा घागरी कुडापलीकडं गेल्या, मागोमाग सांजेच्याही. वाफ्यांची माती उलली. तिला वाटलं, सिमेंटच ते, चार दिवस प्यालंय, झालं की. माणसापेक्षा का त्याची तहान मोठी? आणि दत्तराव यायच्या आदल्या सांजेला तिनं वर जाऊन सगळे वाफे ओले करून ठेवले.

हे एवढंच तिच्या पोटात होतं, जेव्हा ओसरीवर माणसं जमली.

तात्याराव आधी शिडीनं वर जाऊन आला. चाकूच्या टोकानं खरवडलेला कोबा त्यानं मूठभर खाली आणला आणि सगळ्यांसमोर तळहातावर चोळला. भुगा झाला. त्या ओसरीवर पिंगळीचा सरपंच सूर्यभानही होता. कोबा बघायला आलो म्हणाला आणि पंचायतीलाच बसला.

"चंद्रभान, ही वाळू हाय बाबा," तात्याराव म्हणाला. "सिमिट कुठं गेलं?"

"मालातच हाय, तात्या."

"मालात असतं तर असं हातावर चुरलं असतं?"

"ह्याच्या घरची चूल बघून या रे," मागून कुणीतरी बोललं, "पक्क्या सिमिटाची असंल!" दोघं-तिघं हसले.

चंद्रभान अंगणात उभा होता, खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन. "सिमिटाला हात लावला असंल तर हात झडून जातील," तो म्हणाला. "कोब्याला पाणी कमी पडलं की असा सुटतो. पाणी बराबर पडलं का, एवढं इचारा."

"पाणी?" दत्तराव उसळला. "माझ्या आडावर अन् पाणी कमी? आगं ए, हिकडं ये जरा. सांग चारचौघांत. पंधरा दिस पाणी घातलं का न्हाई?"

केशरबाई दाराच्या चौकटीत आली. पदर कपाळावर ओढलेला. त्याखालून तिला नवऱ्याचे पाय दिसले, तात्यारावची काठी दिसली, सूर्यभानच्या कोऱ्या वहाणा दिसल्या. लांब फाटकाशी रुख्मिणी उभी होती. कडेवरच्या लेकरानं तिच्या गळ्यातली पोत तोंडात घातली होती. पावसाळ्यानं त्याचे गाल भरले होते.

"घातलं," ती म्हणाली.

"पंधरा दिस?"

"पंधरा दिस."

रुख्मिणीनं झटकन मान वर केली. तिचं तोंड उघडलं. त्याच क्षणी चंद्रभाननं, मागं वळूनही न बघता, टॉवेल धरलेला हात पाठीमागं नेला आणि हलकेच खाली दाबला. गप ऱ्हा. रुख्मिणी गप राहिली.

केशरबाईनं पदराखालून ते पाहिलं. ह्याला ठाऊक हाय. सगळं ठाऊक हाय.

"मग चूक माझीच असंल," चंद्रभान म्हणाला. आवाज अगदी सपाट. "माल कालवताना कमी-जास्त झालं असंल. दिवाळी झाली की उकरून पुन्हा घालून देतो. मजुरी नको."

"मिटलं तर मग," तात्याराव म्हणाला.

सूर्यभान उठला, धोतर झटकलं. "बरं झालं, आधी बघून घेतलं," तो म्हणाला, आणि वहाणा वाजवत निघून गेला.

पहाटे जात्यावर बसलं की केशरबाईच्या तोंडी ओवी यायची. माहेराची, भावाची, शेताची. पंचायतीच्या दुसऱ्या दिवशी ती बसली, आणि भलतीच ओवी आली.

आडाच्या गं तळाचं, पाणी पोहऱ्यानं वर आलं
खरं बोलणं माझं बाई, पोटात बुडून गेलं

तिनं खुंटा सोडला. दळण अर्धंच राहिलं. त्या दिवशी दत्तराव न्याहरीला बसला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. घागरी, कूड, टँकर, लेकराचे ओठ.

दत्तराव बराच वेळ भाकरीचा तुकडा मोडत राहिला. "मग पंचात का न्हाई बोललीस?"

"तुमीच म्हणला होतात, तिसऱ्याला पोहरा न्हाई."

त्यानं तुकडा ताटात ठेवला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"पिंगळीला जाऊन सांगा तेवढं," ती म्हणाली. "त्या माणसाचं काम जाईल."

"सांगतो. पेरणी होऊ दे."

त्या वर्षी पाऊस बरा होता, ज्वारीची पेरणी मोठी होती. पेरणी झाली तर तिफण भावाकडं पोचवायची होती. मग दसरा आला. सबबी कधी खोट्या नसतात, म्हणून तर त्या टिकतात. दत्तराव पिंगळीला गेला तो दिवाळीच्या तोंडावर. शाळेचा पाया भरून जोतं वर आलं होतं. परभणीचा कुणी मिस्तरी लावला होता.

सूर्यभाननं चहा पाजला, ऐकून घेतलं, आणि हसला. "दत्तराव, मोठ्या मनाचे हाव तुमी. गवंड्याचं नाव झाकायला घरच्या बाईवर घ्यायलाव. असू द्या. जोतं झालंय आता."

खरं सांगूनही खोटं ठरायची ही पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. तो घरी आला, केशरबाईला जसंच्या तसं सांगितलं आणि पाय धुवायला गेला. तात्यारावच्या कानावर मात्र त्यानं ते कधी घातलं नाही. गावात राहायचं होतं.

दिवाळी झाली आणि चंद्रभान आला. कबूल केल्याप्रमाणं, थापी-घमेलं घेऊन. त्यानं जुना कोबा उकरला, नवा घातला, पुन्हा बांध घातले, पुन्हा वाफे पाडले. केशरबाईनं यावेळी एकही घागर चुकवली नाही. गुडघे धरले, डोक्यावरची चुंबळ घामानं कुजली, तरी पंधरा दिवस ती शिडी चढत-उतरत राहिली. दत्तराव म्हणाला, गड्याला सांगतो. ती नको म्हणाली.

शेवटच्या दिवशी सकाळी चंद्रभान बघायला आला. वर बसून त्यानं बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी ठोकून पाहिलं. खणखणीत आवाज आला. केशरबाई शिडीच्या तोंडाशी घागर टेकून उभी राहिली.

"तुमाला ठावं होतं," ती म्हणाली. आजवर ती त्याला अरे-तुरेच करत आली होती. आज तोंडातून तुमी आलं.

"हां. रुख्मिणीनं सांगितलं होतं, तवाच. खडीवरनं आलो त्या दिशी."

"तवाच आला असतात तर..."

"आलो असतो तर काय म्हणलो असतो? माझ्या लेकराच्या तोंडातलं काढून माळवदावर घाला?"

तिनं घागर सारखी केली. मग म्हणाली, "पंचात तरी बोलायचं."

चंद्रभान पेरानं ठोकत पुढं सरकला. "बोललो असतो तर मालकानं कूड डोक्याइतका उंच केला असता. पुढल्या उन्हाळ्यात आमच्या बाया कुठं उभ्या ऱ्हातील, बाई? एक गेलं, ते माझं नाव गेलं. आठ घरच्या घागरी तरी ऱ्हायल्या."

"माझं चुकलं, चंद्रभान."

"पाणी वाढलं ते चुकलं न्हाई." तो एवढंच म्हणाला. पुढचं वाक्य तो बोलला नाही, तरी ते ऐकल्यासारखी तिनं मान खाली घातली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता काम कुठं?"

"पिंगळीला. शाळेवरच."

तिचा चेहरा उजळला. "म्हंजे दिलं त्यायनं?"

"काम त्या परभणीच्या मिस्तरीचंच हाय. मी त्याच्या हाताखाली. माल कालवायचा, घमेली द्यायची." तो हसला, पण डोळे वाफ्याकडंच होते. "लय वाकडी भिंत घालायलाय बगा. सांगावं वाटतं. सांगत न्हाई."

केशरबाईनं घागर उचलली. पुन्हा खाली ठेवली. शिडीवरून तिला परसातला आड दिसत होता, काठावर दोर, दोराला पोहरा. खाली दत्तराव बैलांना वैरण टाकत होता. त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती बोलली, आणि आपण बोलतोय याचं तिलाच नवल वाटलं.

"आजचं पाणी तुमी शेंदा. आडावर जाऊन. आपल्या हातानं."

वैरणीचा आवाज थांबला. दत्तरावनं वर पाहिलं, आणि पुन्हा वैरण उचलली.

चंद्रभाननं आडाकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि हाताची माती झाडली.

"आज पंधरा दिस भरले, बाई," तो म्हणाला. "आता पाणी लागत न्हाई."

त्यानं घमेल्यात थापी टाकली, घमेलं खांद्यावर घेतलं, आणि ती बाजूला होईपर्यंत शिडीपाशी थांबला. पिंगळीला दिवस वर यायच्या आत पोचायचं होतं.