रिबनीवरचा मसावि

“माझ्या पोरीनं कॉपी केली नाय, बाई,” कचरू दारातूनच म्हणाला. चपला त्याने बाहेर काढल्या होत्या. शिक्षकांच्या खोलीत कुणी चपला काढत नाही, पण जन्म फरशी बसवण्यात गेलेला माणूस, त्याला राहवत नसे.

“असं? मग परीक्षेत मांडीवर रिबन काढून काय करत होती? वेणीफणी?” सुशीलाबाई पेपरांवरून मान वर न करता म्हणाल्या.

सहावीतली अक्षता बापाच्या आड उभी होती. भर वर्गात बाई तिला ‘चोरटी’ म्हणाल्या, त्याला आज आठ दिवस झाले. तेव्हापासून ती शाळेत आली नव्हती. काल रात्री म्हणाली, “मी आता आईसोबत धुण्याभांड्याला जाते.” आज खाडा करून कचरू तिला घेऊन आला होता.

आणि खरं सांगायचं तर चूक त्याचीच. त्या दिवसांत पुण्यात कर्वेनगरात बंगले पाडून सोसायट्या उठत होत्या, हिंजवडीला कंप्युटरवाल्यांच्या इमारती चढत होत्या. फरशीच्या मिस्त्रीला जेवायला फुरसत नव्हती. अशात एका संध्याकाळी पोर मसावि येत नाही म्हणून रडत बसलेली. दोन आकड्यांना नेमका भाग जाईल असा सगळ्यात मोठा आकडा काढायचा, एवढंच तिने सांगितलं. हा गडी हसलाच. अगं वेडे, हे तर आमचं रोजचं! एकही फरशी न कापता खोलीत बसेल, अशी मोठ्यात मोठी चौकोनी फरशी शोधायची. त्याने सुतळीवर शिकवलं. परीक्षेत सुतळी कुठली? पोरीने वेणीची रिबन सोडली आणि पट्टीने तिच्यावर मापं घेतली.

“उत्तर बरोबर आहे, रीत कुठाय?” बाईंनी पेपर पुढे सरकवला. “आभाळातून पडलं?”

“आकडे सांगा, बाई. इथंच दावतो.”

“एकशे चव्वेचाळीस आणि नव्वद.”

कचरू जमिनीवर बसला. खिशातली सुतळी काढून, टेप लावून त्याने तिचे त्या मापांचे दोन तुकडे कापले.

“हे इंच धरा. धाकटी थोरलीवर घातली. उरलं चोपन्न. आता हे चोपन्न नव्वदावर घाला. उरलं छत्तीस. छत्तीस चोपन्नावर, उरलं अठरा. आन् अठरा छत्तीसावर...” तो थांबला. “अक्षे, तू सांग.”

“दोनदा बसतं. काही उरत नाही,” ती पुटपुटली. “अठरा.”

“अठरा इंची फरशी. लांबीत आठ, रुंदीत पाच. एक तुकडा वाया जायचा नाय.”

बाई उठल्या. वाकून त्यांनी धाकटी सुतळी थोरलीवर स्वतः एकदा घालून बघितली.

“अहो, ही भागाकाराची रीत आहे. पुस्तकात आहे.”

“पुस्तकात हाय?” कचरूचा चेहरा जरासा उतरला. “मला वाटलं, मीच काढली.”

“कितवीपर्यंत शिकलात?”

“चौथी. मग लोणीला बापासंगं खडी फोडायला गेलो. मसावि पाचवीत लागतो म्हनत्यात.”

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग अक्षताचा हात धरून सरळ वर्गात गेल्या. मागून कचरू.

“मुलांनो, अक्षताने कॉपी केली नव्हती. मी न विचारता बोलले. माझं चुकलं.” आवाज तोच करडा होता, पण अक्षताचा हात त्यांनी सोडला नव्हता. “आणि ही रीत तिच्या वडिलांनी स्वतः शोधून काढली आहे. आज आपण सगळे ती लिहून काढू. अहो, बाहेर काय उभे? आत बसा.”

कचरू शेवटच्या बाकावर, अक्षताच्या मागे, कसाबसा मावला. बाईंनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. सगळ्यांनी वह्या उघडल्या. मग पुढे वाकून त्याने लेकीच्या खांद्याला हळूच बोट लावलं.

“अक्षे, मला एक कागद दे गं. आन् पेन्सिल.”