वरचं बटण

गळ्याला टाके काय पडले, सगळ्या घराला माझा गळा झाकायची घाई झाली. नणंद रेशमी स्कार्फ घेऊन आली. "वहिनी, तुमच्या रंगाला खुलून दिसेल." लेकीने उंच गळ्याचा स्वेटर काढून ठेवला. आणि आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चक्क नवा शर्ट शिवून आणला. कॉलर अशी उंच, की जिराफालाच बसावी.

मी भडकले. पण भडकायलाही आवाज लागतो हो! थायरॉइडला कॅन्सरची गाठ निघाली, डॉक्टरांनी गाठीसकट अख्खी ग्रंथीच काढली, आणि जाता जाता ती माझा आवाजही घेऊन गेली. येईल हळूहळू म्हणाले, पण पहिल्यासारखा खणखणीत होईलच असं सांगता येत नाही. "मला काही झाकायचं नाहीये!" असं मी ओरडले, तर नुसती हवा बाहेर पडली. नणंद लगेच पाणी आणायला धावली.

आता आवाज म्हणजे आमच्या धंद्याचं अर्धं भांडवल. आमचं टेलरिंगचं दुकान. पुढे मी गिऱ्हाइकांची मापं घेते आणि ओरडून सांगते; पार्टिशनच्या मागे मास्तर लिहून घेतात आणि कापड कापतात. प्रत्येक मापाला ते आतून विचारणार, "नक्की?" आणि मी म्हणणार, "लिहा गुपचूप!" लग्न झाल्यापासून हेच चाललंय. गिऱ्हाइकं हसतात. सासूबाई मात्र कपाळाला हात लावायच्या. "काय बाई हिचा आवाज! चार दुकानं पलीकडे जातो." त्यांचा स्वतःचा सहा दुकानं पलीकडे जातो, ते सोडा.

घरी आल्यापासून सगळ्यांनी मला अगदी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. लेक न चुकता कॅल्शियमच्या गोळ्या द्यायची, बोटांना मुंग्या आल्या की हात चोळत बसायची. सासूबाई घास गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. मास्तर तेवढे घरात असून नसल्यासारखे. महिना झाला तरी जेवताना मान वर करेनात. मग एक दिवस लेक हळूच म्हणाली, "आई, तू चिडू नकोस. बाबांनी सगळ्या ऑर्डरी परत केल्यात. उद्या शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याला दुकानाची किल्ली देणार आहेत."

चिडू नको म्हणे! मी तशीच उठले. मास्तर आतल्या खोलीत माझा दुकानातला जुना शर्ट मांडीवर घेऊन बसले होते. दुकानात मी कायम कॉलरचा शर्ट घालते, अगदी वरचं बटण लावून. ते लावल्याशिवाय मला कामाला उभं राहिल्यासारखं वाटत नाही.

"हे बघ," म्हणाले. कॉलरीवर जुन्या दोऱ्याच्या खुणा होत्या. "तीनदा सरकवलं मी हे बटण. तू म्हणालीस घट्ट होतंय, मी सरकवलं. गळा का वाढतोय, हे एकदाही डोक्यात आलं नाही. जन्म मापांत गेला माझा! तुझा तो नवा शर्ट कसाबसा कापला, आता कात्री हातात घेतली की ह्या खुणाच दिसतात."

कीव करत बसले असते तर दुकान गेलंच असतं.

"आणि मी?" मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. "मापं तर मी घेते. मी म्हटलं, जाड झालेय, जेवण कमी करू. दिव्याखाली अंधार, दोघांच्याही. मास्तर, डॉक्टरांनी गाठ काढली ना? मग तुम्ही ती कशाला सांभाळताय? दुकान देऊन मी काय करू? जिराफाची कॉलर घालून खिडकीत बसू?"

"अगं, पण तू मापं सांगणार कशी?"

"ते मी बघते," मी म्हणाले. काय बघणार होते कोण जाणे! नुसता तोरा.

सकाळी दारात सासूबाई चपला घालून तयार. "चल. तू कानात सांग, मी ओरडते. इतकी वर्षं तुझ्या तोंडाला नावं ठेवली, आता तेवढी भरपाई." मला एकदम भरून आलं. "रडू नकोस गं," त्या म्हणाल्या, "गळा ओढेल." स्कार्फ, स्वेटर, शर्ट, सगळं खुंटीवर ठेवून मी उघड्या गळ्याने निघाले.

लॉन्ड्रीवाला आधीच येऊन उभा. इस्त्रीचं टेबल कुठे बसेल ते नजरेने मोजत होता. मास्तर पार्टिशनमागे. पहिलं गिऱ्हाईक आलं, पलीकडच्या शाळेतल्या बाई, कोट शिवायचा होता. मी टेप लावली, कानात सांगितलं. सासूबाई अशा गरजल्या की बाई दचकून मागे सरल्या. "खांदा पंधरा! आणि नीट काप रे, मागच्या वेळी बगलेत काचत होता!"

कंबर सांगितली, बाही सांगितली. आतून "नक्की?" आलंच नाही. बाई गेल्या. लॉन्ड्रीवाला हात पुढे करून म्हणाला, "मास्तर, किल्ली देताय ना?" आत किल्लीचा ड्रॉवर उघडल्याचं ऐकू आलं.

मी टेप उचलली आणि स्वतःच्या गळ्याभोवती घातली. व्रण अजून कोवळा होता, टेप थंडगार लागली. आकडा बघितला. कैक वर्षांत एवढा कमी नव्हता. सासूबाईंच्या कानाशी गेले, तर त्यांनी मान हलवली.

"हे माप तू सांग."

मी श्वास घेतला. "गळा!" फाटक्या भोंग्यातून यावा तसा आवाज आला. "साडेतेरा! पुढून गोल, खोल! कॉलर नको!" निम्मे शब्द वाटेतच तुटले, डोळ्यांत पाणी आलं. पण बोलले! रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. बघू देत.

आतून मास्तरांचा आवाज आला.

"नक्की?"

"लिहा गुपचूप!"

आवाज पार्टिशनच्या पलीकडे कसाबसा पोचला असेल. पण ड्रॉवर बंद झाला, टेबलावर कापड पसरल्याचा आवाज आला, आणि कात्री चालायला लागली.

लॉन्ड्रीवाला अजून हात पुढे करून उभा होता. सासूबाई त्याला म्हणाल्या, "जा रे बाबा, तुझी इस्त्री तापली असेल."